न फोडलेली डबी

पैसे मोजून दिले, आणि कुणाला काही दिसलं नाही.
हिशेबाच्या वहीत मी लिहिलं: दात.
दाताला एवढा खर्च येतो हे सगळ्यांना पटतं.

राजारामपुरीत, औषधाच्या दुकानावर
डॉक्टर मगदूमबाईंची खोली. भिंतीवर एकही सुंदर बाई नाही,
नुसतं कॅलेंडर, जयसिंगपूरच्या कुठल्याशा पतसंस्थेचं.
मी म्हटलं, दोन सिरिंज भरा. माझ्या भाचीनं तीन भरल्यात.
(भाचीचे ओठ आता तिच्याआधी उंबरा ओलांडतात.
हे मी बोलले नाही, तरी बाई हसल्या.)

"तुम्हाला नक्की काय नकोय?"
हवंय काय, असं नाही विचारलं.

मला नको होतं ते 'बरं नाही का?'
दुधवाल्याचं, केएमटीच्या कंडक्टरचं, लिफ्टमधल्या पोराचं.
दोन वर्षं डायलिसिसच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून
डोळ्यांखाली खड्डे पडले.
हे गेले, खड्डे राहिले.
मी कधीच उठले होते त्या स्टुलावरून,
चेहरा तिथंच बसून होता.

बाईंनी आरसा दिला नाही. म्हणाल्या, बोला.
काय बोलू?
काहीही. भांडा कुणाशी तरी.
मग मी गॅसवाल्याशी भांडले, तो नसताना, चांगली पाच मिनिटं,
आणि त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या
गाल कुठवर चढतो, कुठं दमतो,
डावीकडचा कसा जरा आधी हसतो.
गप्प चेहऱ्यात भरायचं नसतं, म्हणाल्या,
फोटो छान येतो, आणि मग बाई बोलायला लागते.

बधिर करायचं मलम. मग गार. मग दाब,
शिवण न उसवता गादीत कुणी रुई सारावी तसा.
एक सिरिंज, दोन डोळ्यांत वाटून.
बाईंनी हातमोजे काढले.
दुसरी डबी?
"राहू दे. घालायला वेळ लागत नाही."
डोळ्यांच्या कडेच्या रेघांना तर त्या शिवल्याच नाहीत.
मी वाद घातला. पैसे माझे, रेघा माझ्या.
"म्हणूनच," म्हणाल्या.

चार दिवस निळा डाग. सांगितलं, कपाटाचं दार लागलं.
पाचव्या दिवसापासून कुणी काही विचारेना.
दुधवाला दुधाच्या दराबद्दल बोलला.
जाऊबाई रंकाळ्यावर भेटल्या, निरखून बघितलं,
म्हणाल्या, "झोप लागाय लागली वाटतं गं तुला."
मी म्हटलं, व्हय.
एवढा महाग शब्द मी आयुष्यात उच्चारला नव्हता.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मोबाईल तोंडासमोर धरला.
डोळे मिचकावा म्हणाला, मिचकावले.
मशीन विचारात पडलं. गोल गोल फिरत राहिलं.
मग हिरवी खूण: तीच बाई. हयात.

बँकेला मात्र कागदावरचा फोटो हवा होता.
भाऊसिंगजी रोडच्या बोळात दस्तगीरचाचांचा स्टुडिओ.
आमच्या लग्नाच्या निगेटिव्हवर त्यांनीच
टोकदार शिसपेन्सिलीनं ह्यांचे देवीचे व्रण बुजवले होते,
दोन सोडून.
सगळे बुजवले असते तर सासू म्हणाली असती, हा कोण?

आता सगळं कॉम्प्युटरवर. चाचांनी स्क्रीनला नाक लावलं,
माउस माझ्या डोळ्यांखाली नेला,
थांबले, मागे घेतला.
माझ्याकडे बघितलं. परत स्क्रीनकडे.
"कुणाचा हात?"
मी पर्सची चेन उघडली, लावली.
"नाव नका सांगू. पण थांबलाय बरोबर जागी."

आठ प्रतींचे पैसे घेतले. रीटचिंगचे लावले नाहीत.

घरी येऊन वहीत लिहिलं: फोटो, आठ.
मग पानं मागे उलटून 'दात' खोडलं.
तिथं काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.